अर्पिताचं तळं

आमची सून अर्पिता इंद्रवेल्लीच्या शाळेत सायन्स शिकवते. घरीही शिकवतेच, बापा! मी सखूबाई, तिची सासू. या वयात मले कागदाच्या पट्टीवरून पाणी ओळखता येते, तो तिचाच प्रताप.

परसात चिंचेखाली तिनं तळं बांधलं. छपरावरचं पावसाचं पाणी त्यात सोडलं, रंगीत मासे आणले, कमळाचा कंद लावला. वैशाख पुनवेले विहारात घरचं कमळ ठेवायचं, हे तिच्या मनात. माझा पोरगा हर्षदीप तहसीलमध्ये कारकून. तो काही त्याले तळं म्हणेना. "माय, त्या खड्ड्यापायी गाडी रस्त्यावर उभी करून राह्यलो मी!"

हिवाळा सरता सरता चिंचेचा पाला पडपडून पाणी चहासारखं झालं. पाण्यातल्या गोगलगायींचे शंख झिजले, मासे कोपऱ्यात गप्प. अर्पितानं पट्टी बुडवली, तर पिवळी. "पाणी आंबट झालं, आई. पट्टी हिरवी यायले पायजे. पण सुधरवायचं तर हळूहळू."

हर्षदीपले कुठला दम! दुकानदार म्हणाला, "सुन्नम टाका," म्हणजे चुना, अन् यानं अख्खं घमेलं ओतलं. पट्टी निळी झाली अन् सकाळी मासे उलटे. दोनच वाचले. ते घागरीत ठेवून पोरगी माझ्यापाशी येऊन रडली. मले लय वाईट वाटलं. अन् हा चूक मानायची सोडून म्हणते कसा, "मुरूम आणून बुजवूनच टाकतो."

अर्पितानं डोळे पुसले. "पुनवेपर्यंत थांबा. आता एकही मासा मेला, तर मुरूम मीच टाकते."

मंग तिनं पदर खोचला. सडका पाला उपसला, बरंचसं पाणी केळीले सोडून दिलं. माझं जुनं लुगडं मागून घेतलं अन् पाला अडवायले तळ्यावर ताणलं. अन् नवं पाणी कोणतं सोडावं? बोअरचं!

"काऊन वं, वेडी झाली का? त्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर चढते!"

"तोच थर कामाचा हाय, आई. पाण्यात ते क्षार असले की पाला पडला तरी पाणी लवकर आंबट होत नाही."

ज्या पाण्याले मी जन्मभर शिव्या दिल्या, ते असं उपयोगी पडलं. नळीची धार बारीक ठेवली, अन् रोज चहाच्या आधी पट्टी. मीही शेजारी उभी. जरा पिवळट दिसली की माझाच जीव खालीवर. हिरवी टिकायले लागली, तेव्हा तिनं ते दोन मासे तळ्यात सोडले.

पुनवेच्या सकाळी दोन कमळं उमलली. एक विहारात गेलं. माझ्या सुनेचं कमळ तिथं पाहून माझी छाती फुगली, सांगून ठेवते! वंदना झाल्यावर हर्षदीपचे साहेब उद्धवराव घरी आले. हर्षदीपनं त्यांना थेट परसात नेलं. "या साहेब, आमचं तळं पहा."

"आमचं?" मी तिथंच अडवलं. "कालपर्यंत खड्डा होता ना रे?"

हर्षदीपनं अर्पिताकडं पाहिलं. मंग म्हणाला, "साहेब, मासे मी मारले होते. तळं हिनं वाचवलं."

अर्पितानं पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं ती जपून बुडवली अन् साहेबांना हिरवा रंग दाखवला.

गाडी अजून रस्त्यावरच उभी असते. कोणी विचारलं, तर हर्षदीपच सांगते, मागं अर्पिताचं तळं हाय.