एका फोटोपुरता कौल

कृष्णनाथ पार्सेकराने आयुष्यातली पंधरा वर्षे लोकांच्या तोंडावरच्या सुरकुत्या पुसण्यात घालवली. पेडण्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा स्टुडिओ होता. दिवसा तो फोटो काढी आणि संध्याकाळी निगेटिव्ह काचेवर ठेवून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने गिऱ्हाइकांची वये कमी करी. लग्नाच्या मुली, पासपोर्टवाले, निवृत्त मास्तर, सगळ्यांना तो एकाच गुळगुळीतपणाला नेऊन पोचवी. मेलेल्यांवर विशेष मेहनत घेई. त्यांची तक्रार येत नसे, आणि वारसांना मयताच्या तोंडावर हयातीत कधी न दिसलेला तजेला मिळे.

गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. हरमलच्या किनाऱ्यावर राहणारा एक गोरा त्याच्याकडे रोल धुवायला येई. जाताना तो एक जाडजूड पुस्तक देऊन गेला. त्यात नुसते चेहरे होते. मागे रंगवलेले तळे नाही, हंस नाहीत, काही नाही. एकही माणूस देखणा नव्हता आणि एकावरूनही नजर हलत नव्हती. मजकूर जर्मन होता, त्यामुळे कृष्णनाथाला तो तिथल्या तिथे पटला. आपण कलावंत व्हायचे, असे त्याने ठरवले.

कलावंत व्हायला निघालेला माणूस आधी खरेदीला निघतो. मुरगावच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एकाकडून त्याने जुना दोन भिंगांचा जपानी कॅमेरा मिळवला. त्यात मान खाली घालून बघावे लागे आणि डावे ते उजवे दिसे. म्हापशाच्या पत्रेवाल्याकडून दिव्यांना ॲल्युमिनियमची टोपणे करून घेतली. पेडण्याची वीज मनात येईल तेव्हा त्यांत लाल होऊन बसे. एकदा विजेने मनावर घेतले तेव्हा समोर बायको होती.

"इतक्या उजेडात माणसाक पोलिस बसयतत," सुमंगला म्हणाली आणि भात बघायला निघून गेली.

पणजीत वर्षाला एक छायाचित्रांचे प्रदर्शन भरे. दोन वर्षे त्याने फोटो पाठवले, दोन्ही वर्षे ते परत आले. दुसऱ्यांदा सोबत शेराही आला, 'काम स्वच्छ आहे.' ही शिवी आहे हे समजायला त्याला आठवडा लागला. पंधरा वर्षांचा हात. कुठलाही चेहरा समोर आला की तो आपोआप साफ होई. तिसऱ्यांदा परत आले तर कॅमेरा विकायचा आणि मरेपर्यंत पासपोर्ट काढायचे, असे त्याने स्वतःला बजावले.

आणि मग त्याला सगुणकाका दिसले.

कोरगावच्या वाटेवरच्या एका वाडीवर राहणारा हा म्हातारा रेंदेर. जन्मभर माडावर चढून सूर, म्हणजे माडाची ताडी, काढलेली. कमरेला लंगोटीएवढी काश्टी, तोंडात दात नाहीत, गाल आत गेलेले, आणि चेहऱ्यावर इतक्या रेषा की कृष्णनाथाचा पेन्सिलीचा हात शिवशिवला. त्याने तो खिशात घातला.

"काका, तुमचो एक फोटो काढूचो आसा."

"मेल्यार काढ."

"जित्तेपणीच होयो."

"आमच्या घरात जितो माणूस भिंतीर चढणा नाय," जन्मभर माडावर चढलेले काका म्हणाले. "देवाक इचारूक होया."

देवाला विचारायचे म्हणजे देवळात कौल लावायचा. धाकू गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवणार, गाऱ्हाणे घालणार. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवीकडची म्हणजे देवाच्या उजवीकडची. पहिल्या दिवशी पाकळी पडली तेव्हा कॅमेऱ्यात बघून बघून डोळे फिरलेल्या कृष्णनाथाने आनंदाने हात जोडले. ती डावी होती.

"आता?" त्याने विचारले.

"आता काय?" काका म्हणाले. "देव नको म्हणता. देवाक परत परत इचारूचा नसता."

कृष्णनाथ महिनाभर त्या वाडीवर चकरा मारत राहिला. काका कंटाळून पुन्हा तयार झाले. दुसऱ्या खेपेला पाकळी पडलीच नाही. दुपार झाली, पाकळ्या वाळल्या. देव विचार करतोय, असे धाकूने सांगितले आणि जेवायला गेला. तिसऱ्या खेपेला धाकूने खच्चून आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, हो तुझो सगुण एक फोटो काढून घेवचो म्हणता, तेका उजवो दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका म्हणाले, आणि उजवी पडली.

रविवारी कृष्णनाथ कॅमेरा घेऊन पोचला, तर दारापुढच्या बाल्कांवात खुर्ची मांडून कुणी एक अनोळखी गृहस्थ बसला होता. केस काळेभोर, अंगात पुतण्याचा टेरिलीनचा कोट, गालांवर पावडर. ते काकाच होते. तोंडात कवळी होती. ती फक्त लग्नाला निघे. गाल भरून आले होते. जे पुसायला कृष्णनाथाला संध्याकाळ लागली असती, ते काकांनी घरीच उरकले होते.

"काका, ह्या काय?"

"काय म्हणजे? देवान हुकूम दिल्यान. काश्टी नेसान बसू?"

"होय!"

"तुझो बापूस बसलेलो?"

कृष्णनाथाने मुकाट्याने रोल चढवला. बारा फोटोंचा रोल होता. काढता काढता एखादा बरा निघेल, असा हिशेब.

"एकच हां," काका म्हणाले. "देवान एक सांगल्यान."

कृष्णनाथाने मान खाली घालून भिंगात पाहिले. आत तो कोटवाला गृहस्थ लग्नात बसल्यासारखा हसत होता. बटण दाबले तर हाच पणजीला जाणार आणि 'स्वच्छ' होऊन परत येणार. त्याने बटण दाबले नाही. "जरा थांबा," म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. ऊन बाल्कांवाच्या पायरीवरून वर सरकले. काकांनी कोट काढला. कवळीला जेवणावळीपुरतेच बसायची सवय. ती टोचायला लागली तशी काकांनी काढून मुठीत धरली. घाम फुटला आणि कानशिलावरून कलपाचा एक काळा ओघळ गालाच्या खळगीत उतरला.

"जरा थांबा, काका."

"अरे मेल्या, इतक्यात माडावयली सूर आंबली असती! काढतंस काय परत देवाक इचारू?"

कृष्णनाथाने बटण दाबले.

निगेटिव्ह हातात आले तेव्हा सवयीने पेन्सिलही हातात आली. ती त्याने कानावर ठेवली आणि ओघळासकट, मुठीसकट, जसे होते तसे छापले. डोळ्यांतला संताप छापला, आणि त्याच्या तळाशी हसू फुटायच्या बेतात होते तेही.

काकांनी फोटो दारातल्या उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला.

"दात खंय गेले?"

"तुमच्या मुठीत."

"माझो बापूस असोच बघी," काका म्हणाले. "मारूच्या आदी."

कृष्णनाथाला वाटले, झाले. त्याने पणजीचा विषय काढला. फोटो द्यायचा उद्या शेवटचा दिवस होता.

"पणजेक? ता येगळा. देवान काढूक सांगल्यान. दाखवूक खंय सांगल्यान?"

घरी सुमंगलाने सरळ सल्ला दिला. "धाडा गुपचूप. काका काय पणजेक बघूक जातत?"

ते खरेच होते. पण ज्याने एकदा बटण दाबायला मिळावे म्हणून देवळाच्या तीन फेऱ्या घातल्या, त्याला चौथी चुकवता येत नाही. हे स्वतःबद्दल कळल्यावर कृष्णनाथाचा भयंकर संताप झाला. सकाळी तो फोटो काखोटीला मारून, काकांना घेऊन देवळात हजर झाला.

धाकूने गाऱ्हाणे घातले. पाकळी पडली. डावी.

कृष्णनाथ फोटोला वर्तमानपत्र गुंडाळायला लागला. कॅमेऱ्याला गिऱ्हाईक कोण मिळेल, याचा विचार डोक्यात सुरूही झाला होता.

"धाकू," काका एकदम कडाडले, "तू सारक्या इचारूक नाय!"

"मियां?"

"सगुणाक पणजेक जावक दी, असा म्हणालंस. देवाक वाटला मियांच जातंय. माका बसगाडी लागता ता देवाक ठावक आसा. फोटो जाता म्हणान सांग. परत लाव!"

"काका," कृष्णनाथ म्हणाला, "देवाक परत परत इचारूचा नसता, असा तुमीच सांगितलास."

"इचारूचा नसता," काका म्हणाले. "समजावचा असता. लाव रे!"

धाकूने लावली. उजवी पडली.

म्हापशाला गाडी बदलून कृष्णनाथ पणजीला पोचला तेव्हा टेबलामागचा कारकून टाचण्यांची डबी मिटत होता. त्याने वर्तमानपत्र उलगडले, फोटोकडे पाहिले, आणि डबी खाली ठेवून पुन्हा पाहिले.

"परवानगी घेतलीय ना?" त्याने विचारले. "मागाहून लोक भांडायला येतात."

"घेतलीय," कृष्णनाथ म्हणाला आणि फोटोतल्या काकांकडे बोट केले. "ह्यांचीसुद्धा."