शेवटचं रीळ आधी

उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की मला तंबूतला तो कराटेचा सिनेमा आठवतो, भाग दुसरा. लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, दुष्काळ होता, आणि दिवसभर खडी फोडून गाव संध्याकाळच्या खेळाला बसलं होतं. ऑपरेटरने चुकून शेवटचं रीळ आधी लावलं, त्यामुळे दोन म्हातारे वैरी आधी गळ्यात पडले आणि मग इज्जतीसाठी लढत बसले. "मिटलंय न्हवं? मग आता कशाला भांडायलेत?" वडील कंटाळून म्हणाले. देवणी बैलजोडीच्या वाटणीवरून वडिलांशी कित्येक वर्षं अबोला धरलेले चुलते मागून बोलले, "दमले नसतील अजून." वडिलांनी मागं न बघता सरकून जागा केली. परवा, कित्येक वर्षं माझ्याशी बोलणं बंद असलेल्या धाकट्या भावाचा फोन आला, वाजत राहिला. दमलो तर मीही आहे, पण उचलला नाही.