सायलीनं स्वतःचं शून्य राखलं

आज दुपारी सायलीनं स्वतःच्याच विरोधात हात वर केला, तिथंच माझं सगळं बदललं.

सांगतो. आमची नऊ जणांची फँटसी फुटबॉल लीग आहे, कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचवर. मॅचआधी आपले अकरा खेळाडू ग्रुपवर टाकायचे, ते खेळतील तसे गुण. उशीर झाला की शून्य. गेल्या रविवारी सायली दवाखान्यात ड्युटीवर अडकली आणि पहिल्या नंबरावरून थेट चौथ्यावर.

आज ओंकारच्या खोलीत नियम बदलायला बसलो. मी म्हटलं, उशीर झाला तर मागच्या मॅचची टीम धरायची, आणि हे गेल्या रविवारपासून लागू.

ओंकार हसला. "कॉलेज अर्ध्यात सोडलंस, पण वकिली झकास करतोस की. कुणासाठी, ते बी कळतंय आम्हाला."

मी त्याची कॉलर धरली.

"सोड त्याला," सायली म्हणाली. "मतं घ्या आधी."

चार-चार झाली. राहिली सायली. तिनं होकार दिला असता तर परत पहिली आली असती. तिनं विरोधात हात वर केला.

"नियम चांगला हाय, पण पुढच्या मॅचपासनं. माझं शून्य तसंच राहू दे."

मी कॉलेज सोडलं तेव्हा तिथल्या नियमांना शिव्या देत सुटलो होतो. हिनं जुना नियम चुकीचा आहे हे पटूनही स्वतःचं नुकसान सोसलं. तुमच्यात आहे का कुणी असं?

मला तिला बरंच सांगायचं होतं. तोंडातनं एवढंच निघालं, "ओंक्या, चुकलं माझं." चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.