बद्द वाजणारा सांधा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याच्याच बहिणीबद्दल आहे — म्हणून असेल.

आठवडाभर मी ऑफिसात असते. रविवारी भांडुपच्या एका गाळ्यात माणसाच्या मापाने सायकलच्या फ्रेम बनवते. नळ्या कापायच्या, तापवायच्या, सांध्यात पितळ वितळवून भरायचं. थंड झालं की पान्याने ठोकून ऐकायचं, मडकं घेताना ऐकतो तसं. खणखणीत वाजलं तर पितळ आतपर्यंत गेलंय. बद्द वाजलं तर — पुन्हा तापवायचं. एवढाच नियम.

माझी नणंद सुनंदा शिवणकाम करते. करायची. तिला तिच्या उंचीची सायकल हवी होती. दसऱ्याला पूजा करून देते, असं मीच घरभर सांगून बसले होते. आदल्या सकाळी हँडलखालचा सांधा ठोकला. बद्द.

दुसऱ्यांदा ठोकला नाही. ऐकू आलं नाही, असं कसं म्हणू? आलं, म्हणूनच नाही ठोकला. फटीत रंगाऱ्याची लांबी भरली, घासली, वर निळा रंग मारला. दुसऱ्या दिवशी सुनंदाने झेंडूची माळ घातली — नेमकी त्याच सांध्यावर.

तीन आठवड्यांनी उतारावर सांधा सुटला. तिचं उजवं मनगट कायमचं आखडलं. भेटायला गेले तर म्हणते, "वैनी, चूक माझीच गो. पुढचा ब्रेक उगाच दाबला. तुझी मेहनत फुकट घालवली."

मी म्हटलं, "असू दे."

म्हणजे काय केलं मी? तिला माफ केलं.

मोडकी फ्रेम कुणी नीट बघायच्या आत उचलून आणली. पुन्हा जोडली, सांध्यातून पितळ बाहेर येईपर्यंत. तरी बद्द. कापून नव्याने जोडली. तरी तेच. आता ती भिंतीवर टांगलीय. दुपारी पत्रा तापला की गाळ्यातल्या सगळ्या फ्रेम टिकटिकतात. ती एकटी गप्प असते.

सुनंदा दर दसऱ्याला त्या फ्रेमसाठी माळ आणते. यंदा तिने डाव्या हाताने पाना उचलला, माझ्यासारखीच मान तिरकी केली आणि त्याच सांध्यावर ठोकला.

"किती गोड वाजते गो, वैनी," ती म्हणाली. "एवढी चांगली वस्तू मी मोडली."

मला बद्द ऐकू आलं.

मी म्हटलं, "हो ना."