चतुर्थीची ड्युटी

मुलांनो, तुमच्यातली थोरली आता तिकडच्या इस्पितळात वॉर्डप्रमुख झाली आहे. 'आजी, तू सिस्टरना माणसं सांभाळायला शिकवायचीस, त्यातलं काही लिहून पाठव,' असं ती फोनवर म्हणाली. पाठवते. पण आधी हे वाचा, कारण मी शिकवलेल्यापेक्षा हे जास्त खरं आहे.

मी मेट्रन होते. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना इन्चार्ज सिस्टरच्या प्रशिक्षणाचं काम माझ्याकडे आलं. शिरोड्यापासून फोंडाघाटापर्यंतच्या वीसेक जणी आल्या होत्या. विषय होता मनुष्यबळ व्यवस्थापन: रजा, ड्युटी, तक्रारी. माझं इंग्रजी चांगलं, त्यामुळे तक्तेही सुबक होते.

आपल्याकडे चतुर्थीला घरोघर गणपती. त्या दिवसांत ड्युटी कुणालाच नको असते. मी माझ्या देखरेखीखालच्या एका वॉर्डाचा जुना तक्ता फळ्यावर लावला आणि अभिमानाने म्हटलं, "सात वर्षं चतुर्थीत एकही तक्रार नाही."

तक्रार नव्हती, कारण गणपतीचे पाचही दिवस ड्युटीवर एकच सिस्टर उभी असायची. मालवणच्या बंदराजवळच्या मुसलमान घरातली. नुकतीच इन्चार्ज झाल्यामुळे तीही वर्गात होती.

"आमचो गणपती हिच्याच जिवार बसता गो!" आंबोलीची सिस्टर ओरडली.

"मगे! मोदक मात्र तुमीच खातास," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग ती उभी राहिली आणि माझ्याशी ऑफिसातल्या मराठीत बोलली. "मॅडम, तक्रार नव्हती, पण मला कधी कुणी विचारलंही नाही. तीन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचा निकाह ह्याच दिवसांत होता. भाऊ आखातातून तेवढ्यापुरताच आला होता. मी दोन दिवस मागितले होते."

मला आठवलं. 'या दिवसांत तूच असतेस, आता ऐनवेळी कुणाला उभं करू?' असं मी तेव्हा म्हटलं होतं. इतरांच्या रजा मी महिनाभर आधी मंजूर केल्या होत्या. तिला मात्र गृहीत धरलं होतं.

वीस जणी माझ्याकडे पाहत होत्या. तेव्हा मी काय म्हणाले असेन? "अर्ज लेखी होता का?"

"होता, मॅडम. तुम्ही नामंजूर लिहून परत दिलात."

"बरं. पुढचा मुद्दा घेऊ," मी म्हटलं. पुढचा मुद्दा होता, कर्मचाऱ्यांचं ऐकून घेणं. तोही मी पूर्ण शिकवला.

चहाच्या वेळी माफी मागायची म्हणून मी तिच्याजवळ गेले. तिनेच माझा कप भरला. "साखर कमी घालू ना, मॅडम?" सात वर्षांत माझी साखर तिला माहीत झाली होती. तिला किती बहिणी आहेत, हेही मला माहीत नव्हतं. "चहा बरा झालाय," एवढंच मी म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले.

निवृत्त झाल्यावरही मी तिच्याकडे गेले नाही. बंदर इथून अर्ध्या तासावर आहे, म्हणजे सबब अंतराची नाही. आता गेले तर तिने मला मोठ्या मनाने मोकळं करावं, एवढंच मागणं होईल. तिच्या बहिणीचा निकाह तिच्याविना झाला तो झालाच.

त्या प्रशिक्षणानंतर तिने आपल्या वॉर्डात एक कोरा कागद लावायला सुरुवात केली, हे मला इतर सिस्टरांकडून कळलं. ड्युटी ठरण्याआधी प्रत्येकीने, मग ती कुठल्याही घरातली असो, आपल्याला न सोडता येणारे दोन दिवस त्यावर स्वतःच्या हाताने लिहायचे. ते दिवस कुणी खोडायचे नाहीत. मी हे कुणाला शिकवलं नव्हतं. तो कागद त्या वॉर्डात आजही लागतो.