कापसाच्या खोलीशेजारचं पाळणाघर

दिपमालाच्या घरी कापसाच्या खोलीची कडी मी काढली, पिशवीत दोन मुठी कापूस कोंबला आणि कडी न लावताच समोर माझ्या घरी निघून आलो. बायकोला वातींसाठी कापूस हवा होता. लोटननानांनी, म्हणजे दिपमालाच्या सासऱ्यांनी, ओट्यावर बसल्या बसल्याच परवानगी दिली होती, "ली जा ना भाऊ, जोयजे तितला." नाना तसे दिलदार. फक्त व्यापारी दिसला की त्यांचा हात आखडतो. भाव वाढणार अशी त्यांची दर हिवाळ्यात खात्री असते, आणि धरणगावात ज्याची ज्याची अशी खात्री असते त्याच्या घरातली एक खोली छतापर्यंत पांढरी असते.

त्या खोलीला लागून असलेल्या खोलीत दिपमालानं पाळणाघर काढलं होतं.

इतक्या भित्र्या बाईनं लोकांची पोरं सांभाळायला घ्यावीत याचंच गल्लीला नवल. नवरा हितेंद्र जळगावच्या डाळमिलमध्ये, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. गल्लीतल्या बायकांनी सांगून पाहिलं की पापड लाट, फार तर पापड मोडतील. पण हिनं पोरंच घेतली, आणि घेतल्यापासून घाबरून राहिली. शेंगदाणे, नाणी, बटणं, तोंडात जाईल असं सगळं माळ्यावर गेलं. नानांचा अडकित्ता गेला. माझ्या शर्टाच्या लोंबत्या बटणाकडेही ती संशयानं बघायची. कापसाच्या दाराला तिनं पोरांचा हात पोहोचणार नाही इतकी उंच कडी मारून घेतली. दुपारी पोरं झोपली की ती एकेकाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

"अगं, झोपलीत ती," मी म्हणायचो.

"झोपल्यासारखीच दिसतात आबा," ती म्हणायची, आणि पुढच्या नाकाकडे सरकायची.

आमच्याकडे घरोघरी आजी असते, त्यामुळे पोर पाळणाघरात टाकणं म्हणजे घरची माणसं मेल्यासारखं समजतात. पहिलं पोर आलं ते ऋतिकाचं. ती शिंदखेड्याची, बँकेत बदलीवर आलेली, इथं तिचं कोणी नाही. तिचा अडीच वर्षांचा गोटू. तिच्या भरवशावर आणखी चौघांनी आपली पोरं पाठवली. म्हणजे पाळणाघर उभं होतं ते त्या एका बाईच्या शब्दावर.

कापूस घेऊन आलो त्या दुपारी मी चहाची बशी तोंडाला लावली आणि समोरून दिपमालाची हाक आली. "गोटू." मग पुन्हा. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला होता.

मी धावत गेलो. पोरांना उठवून दूध द्यायला ती आत गेली होती, तर गोटूच्या सतरंजीवर नुसती चादर. ती आधी पाण्याच्या टाकीकडे पळाली. नळ कधी येईल याचा आमच्याकडे नेम नसतो, त्यामुळे टाक्या भरलेल्या. झाकणावर दगड होता, तरी तिनं झाकण उचललं आणि आत खांद्यापर्यंत हात घातला. मी मोरी बघितली, खाटेखाली बघितलं. नाना बंद फाटकाशी जाऊन आले. "पोऱ्या कोठे शे? फाटक त लायेल शे."

तेवढ्यात मला ती कडी लोंबताना दिसली.

"दिपमाला," मी म्हणालो, "कापूस."

दार ढकललं. आत सगळं पांढरं आणि शांत. ढिगाचा एक कडा खाली ढासळला होता. कापसात हाक मारली तर हाकच परत येत नाही, तिथून एवढंसं पोर काय ओ देणार? मी आत घुसायला निघालो तर तिनं माझा सदरा धरला. "हलू नका, वरचा ढीग खाली येईल." ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी कडेचा कापूस ओढायला लागली.

"तुडावू नका वं, माल मळी जाई," नाना सवयीनं बोलले. मग त्यांनी सुनेचं तोंड बघितलं. टोपी फेकली आणि सगळाच कापूस कवळ्या भरभरून अंगणातल्या मातीत टाकायला लागले. "बठ्ठा काढा. बठ्ठा."

भिंतीशी दिपमालाच्या हाताला एक पाय लागला. गार.

तिनं ओढलं. गोटू डोळे मिटून बाहेर आला, ओठांवर कापूस. तिनं त्याच्या तोंडात बोट घालून पेळूएवढा कापूस काढला, पाठीत थाप मारली. काही नाही. दुसरी मारली. मग तो शिंकला आणि झोपमोड केल्याबद्दल असा काही रडला की उरलेली चौघंही रडायला लागली. दिपमाला तिथेच बसली.

संध्याकाळ व्हायच्या आत मी तिला शहाणपण शिकवलं. "पोर खेळतंय. केसांतला कापूस झाडून टाक. सांगायची काय गरज आहे?"

"सांगशी त कोनी पोऱ्या धाडाव नही," नानाही म्हणाले.

ऋतिका आली. दिपमालानं तिला बसवलंही नाही, दारातच सगळं सांगितलं. कडी कोणी काढली तेही. मी ओट्यावर होतो, उठून जाताही येईना. ऋतिकानं गोटूला उचललं, छातीशी आवळलं आणि चालायला लागली. बाकीच्या आयांनाही दिपमालानं तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही. दिपमाला सतरंज्या घालून बसली होती. नानांनी मात्र व्यापाऱ्याला बोलावून, भावाचा शब्दही न काढता, खोली रिकामी केली.

तिसऱ्या सकाळी ऋतिका आली, गोटूला कडेवर घेऊन. रिकाम्या खोलीत जाऊन कोपरा न् कोपरा पाहिला. कडी स्वतः लावून, दार ओढून बघितलं.

"मला रजा नाही ताई," ती म्हणाली. "आणि भीती जात नाही."

"माझीही नाही," दिपमाला म्हणाली. "दुपारी येऊन बघत जा. न सांगता या."

गोटू खाली उतरला. हळूहळू बाकीचीही आली.

माझ्या जिवाला घोर लागलेला. काहीतरी भरपाई करावी म्हणून मी म्हणालो, "दिपमाला, उद्यापासून रोज दुपारी येऊन बसत जाईन. तेवढाच तुला एक माणूस जास्त."

तिनं वर न बघता गोटूच्या बुटाची नाडी बांधली.

"नका येऊ आबा, मला पाचच सांभाळता येतात."