बायकांच्या दारावर

खेळ सुरू होण्याआधी ती डोळे मिटून हवा हुंगायची. मग विचारायची, "काही जळून राह्यलं का वो?"

मेहकरच्या टॉकीजचे बोर्ड मी रंगवायचो, तेव्हाची ही गोष्ट. टॉकीज म्हणजे पत्र्याची शेड, आतून बांबूच्या तट्ट्या ठोकलेली. बायकांची बाजू वेगळी, दार वेगळं, आणि त्या दारावर तिकिटं फाडायला ही. चाळिशीची विधवा, माहेर जवळच्या बीबी गावचं. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा जळताना तिने पाहिला होता. त्याबद्दल ती बोलायची नाही, नुसती हुंगायची. तुमच्याही गावात असेल असं एखादं माणूस, ज्याच्या भीतीला सगळे हसतात. आम्हीही हसायचो.

पण नव्या पिक्चरची तिच्याइतकी ओढ कोणालाच नव्हती. मलकापूरहून रिळांच्या पेट्या घेऊन एस.टी. आली, की ही स्टँडवर हजर. "हिरोईन नवी हाय का जुनीच?" दाराबाहेर बसून तिला पडदा दिसायचा नाही. गाणी मात्र ऐकून ऐकून पाठ.

त्या वर्षी रॉकच्या चालीवरच्या गाण्यांचा एक पिक्चर आला. त्याची रेकॉर्ड स्टँडवरच्या हॉटेलात आधीपासूनच वाजत होती. गिटार सुरू झाली की पोरं बाकांवर चढून नाचायची. तिकीट न मिळालेली बायकांच्या दारातून घुसू पाहायची. मालकांनी त्या दाराला बाहेरून कुलूप घातलं.

"बायका आत हायेत, मालक. कुलूप काऊन लावता?"

"पोट्टे घुसतात म्हणून."

"मंग मले कायले बसवलं?"

मालक हसून निघून गेले. आत ते गाणं लागलं. पत्रे थरथरायला लागले. तिने हवा हुंगली, दगड उचलला, कुलूप फोडलं आणि ओरडली, "निंगा वं माय, बाहीर निंगा!"

एकच धावपळ उडाली. एका म्हातारीचा हात मोडला. आत काहीसुद्धा जळत नव्हतं.

मालकांनी तिला तिथेच कामावरून काढलं. ती शांतपणे म्हणाली, "मले काढा. पन कुलूपही काढा."

ती बीबीला भावाकडे गेली. दाराला आधीपेक्षा मोठं कुलूप आलं.

दिवाळीत तसाच दुसरा पिक्चर लागला. दुपारचा खेळ. मी मागच्या अंगाला बोर्ड रंगवत होतो. गाणं मध्येच तुटलं. शिट्ट्या झाल्या. मग त्या शिट्ट्यांच्या किंकाळ्या झाल्या. तट्ट्यांनी पेट घेतला होता. पुरुष समोरून बाहेर पडले. बायकांचं दार आम्ही पहारीने उचकटलं. दोघी सोडून सगळ्या जिवंत निघाल्या.

शेड पुन्हा उभी राहिल्यावर मालक मला घेऊन बीबीला गेले. ती भावाच्या मळ्यात वांगी तोडत होती. मालकांनी हात जोडले.

"चला बाई. दार तुमच्याच ताब्यात राहील."

ती तोडतच राहिली. मग तिने मला विचारलं, "त्या दोघी कोनाच्या होत्या?"

मी सांगितलं. आमच्या गल्लीतली एक नवी सून आणि तिची नणंद. सून पहिल्यांदाच पिक्चर पाहायला आली होती.

"मी असती त तिचं तिकीट मीच फाडलं असतं, अन् दारही मीच उघडलं असतं," ती म्हणाली, आणि सरीतच खाली बसली.

मालक वळले. एस.टी. येईपर्यंत आम्ही फाट्यावर उभे होतो. तिथून मळा दिसत होता. भावजय बांधावरून तिला हाका मारत होती. ती उठली नाही.